डार्विनच्या टिपणवह्या

इंग्लंडच्या पश्चिम भागात सेव्हर्न नदीच्या काठी श्रूजबरी नावाचे एक जुने गाव आहे. तेथे १२ फेब्रुवारी १८०९ रोजी चार्ल्स डार्विन याचा जन्म झाला. त्याचे वडील रॉबर्ट डार्विन हे त्या भागातील नामांकित वैद्य होते. आजोबा इरॅस्मस डार्विन हेही वैद्य असून कवी आणि निसर्गाचे अभ्यासक म्हणून त्यांचा मोठा लौकिक होता. चार्ल्स आठ वर्षांचा असताना त्याची आई वारली व त्याच्या संगोपनाचा भार थोरल्या बहिणींवर पडला.

या मुलाला लहानपणापासून वस्तू जमवण्याचा विलक्षण नाद होता. शिंपले, नाणी, रंगीबेरंगी दगड, पत्रांवरील लाखेच्या मुद्रा, जे सापडेल ते तो घरी आणी. शाळेत मात्र त्याची प्रगती बेताचीच होती. त्या काळच्या शाळांत ग्रीक व लॅटिन कवींच्या पंक्ती मुखोद्गत करण्यावर सारा भर असे. सकाळच्या प्रार्थनेच्या वेळात चार्ल्स चाळीस-पन्नास ओळी घोकून म्हणून दाखवी. परंतु दोनच दिवसांत त्या सगळ्या विसरून जाई. कुत्री, उंदीर आणि शिकार यांतच रमणारा हा पोरगा कुळाला बट्टा लावणार, अशी धास्ती वडिलांना वाटू लागली होती.

वडिलांच्या इच्छेवरून १८२५ साली तो वैद्यकीच्या शिक्षणासाठी एडिंबरो येथे गेला. क्लोरोफॉर्मचा शोध अद्याप लागायचा होता. रोग्याला बांधून, तो शुद्धीवर असतानाच शस्त्रक्रिया होत. अशा दोन शस्त्रक्रिया त्याने पाहिल्या. त्यांतील एक लहान मुलावर होती. दोन्ही वेळा ती संपण्यापूर्वीच तो खोलीबाहेर धावत सुटला. तो आक्रोश पुढे कित्येक वर्षे त्याच्या कानांत घुमत असे. एडिंबरोत तो एक गोष्ट मात्र मन लावून शिकला. दास्यातून मुक्त झालेला जॉन एडमन्स्टन नावाचा एक कृष्णवर्णीय मनुष्य तेथे मृत पक्ष्यांच्या कातड्यांत पेंढा भरून ते टिकवण्याची कला शिकवीत असे. डार्विनने ती त्याच्याकडून हस्तगत केली.

वैद्यकी सुटली, तेव्हा वडिलांनी धर्मोपदेशक होण्यासाठी त्याला केंब्रिजला पाठवले. तेथे त्याला भुंगेऱ्यांचे वेड लागले. एकदा झाडाची जुनी साल सोलताना दोन दुर्मिळ भुंगेरे दिसले. ते त्याने दोन्ही हातांत धरले. इतक्यात तिसरा, निराळ्याच जातीचा, दृष्टीस पडला. तो निसटू नये म्हणून डार्विनने उजव्या हातातील भुंगेरा तोंडात टाकला! त्या किड्याने असा तिखट रस सोडला की जीभ पोळली. तोंडातला किडा थुंकावा लागला आणि तिसराही हातचा गेला. केंब्रिजलाच वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक हेन्स्लो यांचा त्याला सहवास लाभला. जमवलेल्या वस्तू नीट न्याहाळाव्यात, पुष्कळ दिवस न्याहाळाव्यात आणि मगच त्यांविषयी मत बनवावे, हा धडा त्याला त्यांच्याकडून मिळाला. हेन्स्लो यांच्याच शिफारशीमुळे बीगल या सरकारी जहाजावर निसर्गाभ्यासक म्हणून जाण्याची संधी बावीस वर्षांच्या डार्विनपुढे चालून आली.

२७ डिसेंबर १८३१ रोजी बीगलने इंग्लंडचा किनारा सोडला. दोन वर्षांत परतायचे असे ठरले होते. प्रत्यक्षात प्रवास जवळजवळ पाच वर्षे चालला. जहाज आकाराने लहान. ज्या खोलीत समुद्राचे नकाशे काढण्याचे मेज होते, त्याच खोलीत डार्विनचा संसार मांडलेला होता. मेजाच्या एका कोपऱ्यावर त्याने काम करावे आणि रात्री मेजाच्या वर झोळी टांगून निजावे. इतक्या दाटीत एक वस्तू जागेवरून हलली तर सगळेच अडे. वस्तू जेथल्या तेथे ठेवण्याची आणि मिनिटामिनिटाचा उपयोग करण्याची सवय आपल्याला या जहाजाने लावली, असे तो पुढे म्हातारपणी मुलांना सांगत असे.

किनाऱ्यावर उतरला की त्याच्या खिशात एक लहानशी वही आणि पेन्सिल असे. जे दिसेल ते तो चालता चालता तुटक शब्दांत टिपून घेई. मग जहाजावर परतल्यावर ती टिपणे शाईने सविस्तर लिहून काढी. त्यासाठी त्याने वेगवेगळ्या वह्या केल्या होत्या. भूस्तरांविषयीचे लेखन एकीकडे, प्राण्यांविषयीचे दुसरीकडे आणि रोजची दैनंदिनी तिसरीकडे. प्रत्येक नमुन्याला क्रमांकाची चिठ्ठी बांधून यादीत त्याची नोंद केली जाई. प्रवास संपेपर्यंत या यादीत पाच हजारांहून अधिक नमुने जमा झाले.

असे असूनही एका मोक्याच्या ठिकाणी त्याच्या हातून कसूर झाली. १८३५ च्या सप्टेंबरात बीगल दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेस असलेल्या गालापागोस बेटांपाशी पोचली. ही बेटे एकमेकांच्या दृष्टिपथात आहेत. त्यांवर डार्विनने पुष्कळ लहान पक्षी मारून घेतले. परंतु कोणता पक्षी कोणत्या बेटावरचा, हे बहुतेकांच्या चिठ्ठीवर लिहिलेच नाही. जवळजवळच्या बेटांवरचे पक्षी ते निराळे कसे असणार, अशी त्याची समजूत होती. कासवाकडे पाहून ते कोणत्या बेटावरचे हे सांगता येते, असे तेथील एका अधिकाऱ्याने त्याला सांगितले होते. तेव्हा ते बोलणे त्याने मनावर घेतले नाही.

२ ऑक्टोबर १८३६ रोजी तो इंग्लंडला परतला. पुढल्या जानेवारीत जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने ते पक्षी तपासले आणि डार्विनला चकित करणारे अनुमान काढले. डार्विनने ज्यांना निरनिराळ्या कुळांतले समजून वेगवेगळे ठेवले होते, ते सगळे फिंच या एकाच गटातले होते; त्यांच्या चोची मात्र कोणाची जाड, कोणाची बारीक, अशा भिन्न होत्या आणि त्या वेगवेगळ्या जाती होत्या. आता प्रश्न आला तो बेटांचा. प्रत्येक जातीचे बेट स्वतंत्र होते काय? डार्विनच्या चिठ्ठ्या यावर मुक्या होत्या. अखेर जहाजाचा कप्तान फिट्झरॉय आणि डार्विनचा सेवक कव्हिंग्टन यांनी स्वतःसाठी जमवलेले पक्षी मागवून, त्यांच्या नोंदींवरून त्याला आपली वाट शोधावी लागली. सुदैवाने मॉकिंगबर्ड नावाच्या दुसऱ्या पक्ष्यांच्या बाबतीत त्याने बेटांची नावे लिहून ठेवली होती. त्यांच्याही तीन जाती निघाल्या आणि त्या वेगवेगळ्या बेटांवरच्या होत्या.

जिवांच्या जाती परमेश्वराने जशा निर्मिल्या तशाच त्या अढळ आहेत, असे त्या काळचे बहुतेक विद्वान मानीत. हे पक्षी पाहून डार्विनच्या मनात शंका उत्पन्न झाली. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरून थोडे पक्षी या बेटांवर येऊन पडले असतील आणि पिढ्यानुपिढ्या तेथे राहून त्यांच्या संततीत फरक पडत गेला असेल, तर? विचार धाडसाचा होता आणि तो उघडपणे बोलण्याची सोय नव्हती. १८३७ च्या जुलैमध्ये त्याने खिशात मावेल अशी एक नवी वही घेतली, तिच्यावर बी हे अक्षर घातले आणि तिच्यात तो जातींच्या बदलाविषयीचे विचार लिहू लागला.

ही वही म्हणजे निबंध नव्हे. तिच्यात अर्धीमुर्धी वाक्ये आहेत, प्रश्न आहेत, पुस्तकांची नावे आहेत, मध्येच एखादी शंका आणि तिचे उत्तर आहे. विचार जसे येतील तसे कागदावर उतरले आहेत. परंतु काही विचार असे होते की ते एकापुढे एक शब्द ठेवून सांगता येईनात. एका जातीपासून अनेक जाती निघाव्यात, त्यांतल्या काही नष्ट व्हाव्यात, उरलेल्यांपैकी काही एकमेकींच्या निकट तर काही दूर असाव्यात. हे सारे एकाच दृष्टिक्षेपात कसे दिसावे? डार्विनला चित्रकला अवगत नव्हती, तरी त्याने रेघा ओढून पाहिल्या. पंचविसाव्या-सव्विसाव्या पानांवर त्याने दोन लहान आकृत्या काढल्या आणि जीवसृष्टीला झाडाऐवजी पोवळ्याची उपमा द्यावी काय, असाही विचार केला. कारण पोवळ्याच्या शाखा बुडाशी मृत असतात व टोकाशी जिवंत.

छत्तिसाव्या पानावर मात्र आकृती नीट साधली. पानाच्या डोक्यावर, आपल्याला असे वाटते, एवढ्याच अर्थाचे दोन शब्द आहेत आणि त्याखाली एक वेडेवाकडे झाड. मुळाशी एकचा आकडा. तेथून शाखा फुटल्या आहेत, त्या शाखांना उपशाखा. काही टोकांना आडवी लहान रेघ आहे. ते आज जिवंत असलेले जीव. ज्यांना आडवी रेघ नाही ते काळाच्या ओघात नष्ट झालेले. चार टोकांना त्याने चार अक्षरे दिली आणि कोणते दोन एकमेकांच्या जवळचे, कोणते फार दूरचे, हे शेजारी लिहिले. शाळेतल्या मुलाच्या पाटीवर शोभावे असे हे चित्र. परंतु जीव परस्परांचे नातलग का असतात आणि त्यांच्यात अंतरे का पडतात, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्यात एकदम सापडत होती. मनात जे विस्कळीत होते, ते कागदावर शाखा जोडल्याबरोबर सुसंगत झाले.

अलीकडे शाळांतून निबंध लिहिण्यापूर्वी कागदाच्या मध्यभागी विषय लिहून त्याभोवती शाखा व उपशाखा काढण्याची रीत शिकवतात. तिला मनोनकाशा असे म्हणतात. हे नाव डार्विनच्या काळी नव्हते आणि त्याने झाड काढले ते सजीवांच्या वंशाचे होते. तथापि, विचार डोक्यात घोळवीत न बसता कागदावर मांडून त्यांचे परस्परसंबंध डोळ्यांनी पाहावेत, ही जी या रीतीमागची युक्ती आहे, ती त्याच्या अंगवळणी पडलेली होती. खाजगी आयुष्यातही ती सुटली नाही. १८३८ साली लग्न करावे की करू नये, असा पेच पडला, तेव्हा त्याने एका कागदावर दोन रकाने पाडले. एकीकडे मुलेबाळे व म्हातारपणीची सोबत. दुसरीकडे वेळेचा अपव्यय आणि पुस्तकांसाठी कमी पडणारे पैसे. दोन्ही रकाने भरल्यावर लग्नाचा पक्ष जिंकला! २९ जानेवारी १८३९ रोजी मामेबहीण एमा वेजवूड हिच्याशी त्याचा विवाह झाला आणि तो अत्यंत सुखाचा ठरला.

१८३८ च्या शरद ऋतूत त्याने माल्थसचा लोकसंख्येवरील ग्रंथ वाचला. जन्मणाऱ्या जिवांची संख्या अन्नापेक्षा नेहमीच अधिक असते, म्हणून जगण्यासाठी झगडा होतो. त्या झगड्यात ज्यांच्या अंगी परिस्थितीला उपयोगी असा गुण असेल ते तगतात व तो गुण संततीत उतरतो. झाडाला शाखा का फुटतात, याचे कारण आता त्याच्या हाती लागले.

१८४२ साली डार्विनने लंडन सोडले आणि केंट परगण्यातील डाउन या खेड्यात घर घेतले. प्रवासातून परतल्यावर काही काळातच त्याची प्रकृती ढासळली होती. ओकाऱ्या, धडधड आणि ग्लानी यांमुळे पुष्कळदा दिवसाचे दोन-तीन तासच काम होई. त्या वर्षी त्याने आपल्या सिद्धांताचा पस्तीस पानांचा पेन्सिलीचा खर्डा केला. १८४४ साली तो वाढवून सुमारे दोनशे तीस पानांचा केला, गावातील शाळामास्तराकडून त्याची स्वच्छ प्रत करवून घेतली आणि कपाटात ठेवून दिली. पुरावा अपुरा आहे, असे त्याला वाटत होते. परंतु मधेच आपला अंत झाला तर? त्या वेळी त्याचे वय अवघे पस्तीस होते. ५ जुलै १८४४ रोजी त्याने एमाला उद्देशून एक पत्र लिहून ठेवले. आपल्या मृत्यूनंतर चारशे पौंड खर्चून हा निबंध प्रसिद्ध करावा, त्यासाठी एखादा जाणता संपादक शोधावा आणि तपकिरी कागदांच्या आठ-दहा बासनांत ठेवलेली सर्व टिपणे त्याच्या स्वाधीन करावीत, अशी तीत विनंती होती. एमा अतिशय धर्मनिष्ठ होती. पतीचे हे विचार तिला क्लेश देत. तरीही हे काम त्याने तिच्यावरच सोपवले.

ही बासने म्हणजेच डार्विनचे खरे भांडार. आपली स्मरणशक्ती विस्तृत असली तरी धूसर आहे, हे तो जाणून होता. एखादी सनावळी किंवा कवितेची ओळ त्याला थोडे दिवससुद्धा आठवत नसे. एखाद्या मताच्या उलट काहीतरी आपण कोठेतरी वाचले आहे, एवढेच त्याला अंधुकपणे जाणवे. मग ते नेमके कोठे, हे शोधण्याची सोय कागदावर असावी लागे. म्हणून त्याने आपल्या अभ्यासिकेत कपाटे करून घेतली, फळ्यांना विषयांच्या चिठ्ठ्या लावल्या आणि त्यांवर तीस-चाळीस मोठी बासने ठेवली. एकेका बासनात एकेका विषयाचे कागद. विकत घेतलेले पुस्तक वाचताना उपयोगी मजकुराची सूची तो त्याच पुस्तकाच्या शेवटी लिही. पुस्तक दुसऱ्याचे असेल तर त्याचा गोषवारा काढून खणात टाकी. पुस्तकांविषयी त्याला फाजील ममता नव्हती. ग्रंथ फार जड असला तर तो मधोमध फाडून त्याचे दोन भाग करी! (ग्रंथपालांनी हे वाचू नये.) १८५६ साली त्याने जुन्या टिपणवह्यांतील कामाची पानेसुद्धा कापून विषयवार बासनांत घातली. झाडाचे पान तेवढे वहीतच राहिले.

या रीतीत एक नियम त्याने कसोशीने पाळला. स्वतःच्या मताविरुद्ध जाणारी एखादी गोष्ट आढळली की ती तो तत्क्षणी लिहून ठेवी, कारण अनुकूल गोष्टींपेक्षा प्रतिकूल गोष्टी मनातून लवकर निसटतात, असा त्याचा अनुभव होता. त्याच्यावर पुढे जे आक्षेप आले, त्यांतील बरेचसे त्याने स्वतःच आधी टिपून त्यांचा विचार केलेला होता.

एखादा ग्रंथ लिहायचा ठरला म्हणजे तो सर्व छोट्या सूची एकत्र करून एक मोठी वर्गवार सूची बनवी. मग दोन-तीन पानांत विषयाचा ढोबळ आराखडा काढी. तो वाढवून काही पानांचा दुसरा आराखडा. त्यात एकेक शब्द एकेका संपूर्ण प्रकरणाच्या जागी उभा असे. ही शीर्षके तो पुनःपुन्हा वाढवी आणि एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी बसवी. हे सर्व मनासारखे झाल्यावरच सलग लेखनाला सुरुवात होई. दुपारी तो बागेमागच्या वाळूच्या पाऊलवाटेवर फेऱ्या घाली. किती फेऱ्या झाल्या हे मोजण्यातही डोके गुंतू नये म्हणून वाटेत गारगोट्यांचा ढीग ठेवलेला असे व प्रत्येक फेरीला तो एक गोटा पायाने बाजूला उडवी.

बासने फुगत चालली होती. आठ वर्षे खडकांना चिकटून राहणाऱ्या बार्नकल नावाच्या समुद्रजीवांच्या अभ्यासात गेली. कबुतरे पाळून झाली. जगभरातून पत्रांचा ओघ चालू होता. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे प्रमुख एडवर्ड ब्लाइथ हेही त्याला हिंदुस्थानातील पाळीव जनावरांविषयी लांबलचक पत्रे लिहीत. १८५६ साली डार्विनने अखेर एक प्रचंड ग्रंथ लिहावयास घेतला. तो अर्धाअधिक झाला असेल नसेल, तोच १८ जून १८५८ रोजी मलाया द्वीपसमूहातून आल्फ्रेड वॉलेस या तरुण निसर्गाभ्यासकाचे टपाल आले. सोबत त्याचा एक छोटा लेख होता. डार्विनने वाचून पाहिला, तो वीस वर्षे त्याने जपलेला सिद्धांतच त्यात थोडक्यात मांडलेला! आता आपला लेख घाईने पुढे केला तर ते कृत्य कमीपणाचे दिसेल आणि गप्प राहिले तर सारे श्रेय जाईल, अशा कात्रीत तो सापडला. त्यातच २८ जून रोजी त्याचे धाकटे मूल स्कार्लेट ज्वराने दगावले. निर्णय त्याने मित्रांवर सोपवला. भूगर्भशास्त्रज्ञ लायेल व वनस्पतिशास्त्रज्ञ हूकर यांनी वॉलेसचा लेख आणि डार्विनच्या १८४४ च्या निबंधातील उतारे हे दोन्ही १ जुलै रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत एकत्र वाचण्याची व्यवस्था केली. कपाटातला तो जुना निबंध नसता, तर डार्विनपाशी दाखवण्यासारखे फारसे काही नव्हते. वॉलेसनेही मनाचा मोठेपणा दाखवून या व्यवस्थेबद्दल कधी तक्रार केली नाही.

आता विलंब परवडणारा नव्हता. प्रचंड ग्रंथ बाजूला ठेवून डार्विनने त्याचा संक्षेप करावयास घेतला. प्रकृती साथ देत नव्हती; परंतु वीस वर्षांची सामग्री विषयवार लावलेली होती. सुमारे तेरा महिन्यांत पाचशे पानांचे पुस्तक सिद्ध झाले. जातींच्या उगमाविषयीचे हे पुस्तक २४ नोव्हेंबर १८५९ रोजी प्रसिद्ध झाले आणि पहिल्या आवृत्तीच्या प्रती पुस्तकविक्रेत्यांनी तत्काळ उचलल्या. त्यावर जे वादळ उठले, ते सर्वविश्रुत आहे.

या पुस्तकात आकृती एकच आहे. तळाशी अकरा जातींची अक्षरे. त्यांपासून वर जाणाऱ्या, फाटे फुटणाऱ्या तुटक रेषा. आणि त्यांना छेदणाऱ्या चौदा आडव्या रेघा, ज्यांतल्या दोहोंमधले अंतर म्हणजे एक हजार पिढ्या. काही रेषा मधेच थांबतात, थोड्याच शेवटपर्यंत पोचतात. बी वहीच्या छत्तिसाव्या पानावरचे झाड बावीस वर्षांनी नीटनेटके होऊन छापले गेले होते.

यानंतरही डार्विनचे काम चालूच राहिले. गांडुळांवरील त्याचे अखेरचे पुस्तक १८८१ साली निघाले. १९ एप्रिल १८८२ रोजी डाउन येथे त्याचे निधन झाले व लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत, न्यूटनच्या समाधीपासून जवळच, त्याचे दफन करण्यात आले.

त्याचे कागद पुढे केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आले. त्यांतील बी वही आणि तिच्या पाठची सी वही या दोन्ही २००० साली छायाचित्रे घेण्यासाठी बाहेर काढण्यात आल्या आणि पुढल्या वर्षी पाहतात तो जागेवर नाहीत, असे आढळून आले. लक्षावधी ग्रंथांच्या त्या पसाऱ्यात त्या चुकून दुसरीकडे ठेवल्या गेल्या असाव्यात, असे वाटून बरीच वर्षे शोध चालला. अखेर २०२० साली त्या चोरीस गेल्याचे जाहीर झाले. ९ मार्च २०२२ रोजी ग्रंथपालांच्या कचेरीबाहेर जमिनीवर एक गुलाबी रंगाची भेटवस्तूची पिशवी कोणीतरी ठेवून गेले. आत दोन्ही वह्या होत्या. तज्ज्ञांनी पानन्‌पान तपासले. कोठेही इजा झालेली नव्हती आणि छत्तिसाव्या पानावरचे झाड जसेच्या तसे होते.